शीडनौकेची पाच पुस्तकं, एक हंगाम आणि एक पेन्सिल

शीड हाकायला शिकायचं आणि पुढेमागे बोटीवरच मुक्काम हलवायचा, असं मनात घेणाऱ्याला इंटरनेटवर फिरून फिरून तीच यादी मिळते. त्यातली पाच पुस्तकं ऑक्टोबर ते मे असा अख्खा हंगाम मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर वापरून झाली. पुस्तकं उत्तम आहेत, पण ती दुसऱ्या समुद्रासाठी लिहिलेली आहेत. त्यांच्या समासात पेन्सिलने काही दुरुस्त्या केल्याशिवाय ती इथे वापरू नयेत.

सुरुवात अमेरिकी लेखक जॉन रूसमनिअर यांच्या 'द अन्नापोलिस बुक ऑफ सीमनशिप'पासून करावी. पहिली आवृत्ती १९८३ची. घ्यायची तर २०१४ची चौथी घ्या. वाऱ्याची दिशा, शिडाचा ताण, धक्क्याला लागणं हे सगळं आकृत्यांसह नीट उलगडलेलं आहे. नवशिक्या शिडाचा दोर हमखास जास्त ओढतो. बोट कलते, पण पुढे सरकत नाही. शीड फडफडेपर्यंत दोर सोडायचा आणि फडफड थांबेल इतकाच ओढायचा, ही सवय हाताला लागली की निम्मं शिक्षण झालं.

पण बोयांचं, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचं, प्रकरण आलं की पेन्सिल काढा. अमेरिकेत समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात. भारतात बरोबर उलट: लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिकी पुस्तकातला लाल-उजवीकडेचा मंत्र पाठ करून आलेला माणूस इथे चॅनेलच्या, म्हणजे खोल पाण्याच्या वाटेच्या बाहेर, थेट उथळ पाण्यात जाईल. आकार मात्र दोन्हीकडे तेच आहेत, डावीकडे डबा आणि उजवीकडे शंकू. म्हणून दिवसा रंगाबरोबर आकारही बघायची सवय लावावी. बोटीचे स्वतःचे दिवे जगभर सारखेच, डावा लाल आणि उजवा हिरवा. त्यात गोंधळ घालू नका.

दिशादर्शन आणि भरती-ओहोटीसाठी टॉम कनलिफ यांचं 'द कम्प्लीट यॉटमास्टर' जास्त जवळचं वाटतं. ते ब्रिटिश आहे, त्यामुळे बोयांचे रंग आपल्यासारखेच. शिवाय इंग्लिश खाडीतल्या मोठ्या भरतीची त्याला सवय आहे. अमेरिकेतल्या अन्नापोलिसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर. मुंबईत उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो. त्यामुळे बारा भागांचा नियम तोंडपाठच हवा: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं किंवा उतरतं. फरक ४.२ मीटर असेल तर तिसऱ्या तासात १.०५ मीटर पाणी जातं, म्हणजे दर दहा मिनिटांना सुमारे १७ सेंटिमीटर. ओहोटीच्या त्या तासात तळ टेकला, तर दोर शोधेपर्यंत बोट रुतलेली असते.

नांगराचा हिशोबही इथेच चुकतो. 'खोलीच्या पाचपट साखळी' हे वाक्य सगळेच वाचतात, पण कुठली खोली याकडे लक्ष देत नाहीत. ओहोटीला पाणी ३ मीटर, भरतीला आणखी ४ मीटर चढणार, आणि बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून १ मीटर वर: बेरीज ८, म्हणून साखळी ४० मीटर. नुसत्या ३ मीटरवर हिशोब करून १५ मीटर सोडली, तर भरतीला तिचं प्रमाण दोनपटही उरत नाही आणि नांगर उपटतो. वारा वाढणार असेल तर सातपट धरा, ५६ मीटर. आजूबाजूला मच्छीमारांच्या बोटी असतील तर तेवढं फिरायला जागा आहे का, हे आधी बघा.

नायजेल काल्डर यांचं 'बोटओनर्स मेकॅनिकल अँड इलेक्ट्रिकल मॅन्युअल' म्हणजे विटेएवढं जाड आहे, पण बोटीवर राहायचं तर याला पर्याय नाही. इंजिन तापलं की काय करायचं, हे त्यातून शिकावं. आधी एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का बघायचं. नसेल तर इंजिन बंद, सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी झडप) बंद, पाण्याची गाळणी उघडायची. मुंबई बंदरात बहुतेकदा तिथेच प्लास्टिकची पिशवी सापडते. गाळणी स्वच्छ निघाली तर पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, काढून पाती मोजा. एखादं तुटलं असेल तर तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो. तो न काढता नवा इम्पेलर बसवला, की आठवड्याभरात पुन्हा तोच ताप.

इथली दुरुस्ती मात्र जिवावरची आहे. अमेरिकी पद्धतीत एसी वायरिंगमध्ये काळी तार जिवंत असते. आपला इलेक्ट्रिशियन काळी म्हणजे न्यूट्रल समजतो. त्यात अमेरिकी बोटींवर १२ व्होल्टची ऋण तारही पुष्कळदा काळीच. बाहेरून आणलेल्या बोटीचं पॅनेल उघडण्यापूर्वी धक्क्यावरची वीज तोडा, इन्व्हर्टर बंद करा आणि टेस्टर लावून प्रत्येक तारेवर चिठ्ठी बांधा. बॅटरीच्या चार्जिंगचे आकडे २५ अंश सेल्सिअससाठी असतात. एप्रिलमध्ये बॅटरीचा कप्पा ४० अंशांवर जातो, तेव्हा १४.४ व्होल्टऐवजी १४ च्या आसपास ठेवलं नाही तर लेड-ॲसिड बॅटरी पाणी पिऊन कोरडी पडते.

ॲनी हिल यांचं १९९३चं 'व्हॉयेजिंग ऑन अ स्मॉल इन्कम' कमी खर्चात, कमी यंत्रं घेऊन कसं राहावं ते सांगतं, आणि सल्ला पटतोही: जी वस्तू स्वतःला दुरुस्त करता येत नाही, ती शक्यतो घेऊच नये. पण इथलं हवामान वेगळं. आपल्याला केबिन गरम ठेवायची नसते, ती हवेशीर ठेवायची असते. गादीखाली लाकडी पट्ट्या घातल्या नाहीत तर महिन्याभरात बुरशी येते. गॅसचंही वेगळंच: आपल्या घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर परदेशी बोटीच्या जोडणीला बसत नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला की बोटीच्या तळाशी साठतो. म्हणून सिलिंडर केबिनबाहेर, थेट समुद्रात निचरा होणाऱ्या कप्प्यातच हवा, जुगाड नको.

ॲशले यांच्या १९४४च्या गाठींच्या ग्रंथात ३८००हून जास्त नोंदी आहेत. बोटीवर लागतात सात-आठ. बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, शिका, तिचा क्रमांक १०१०, आणि ग्रंथ घरीच ठेवा. यादीत नसलेलं एक सुचवतो: दिलीप दोंदे यांचं 'द फर्स्ट इंडियन'. त्यांनी २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिकवणीचं पुस्तक नव्हे, पण आपल्याकडे बोट कशी उभी राहते ते त्यात कळतं.

शेवटचं, कागदाबद्दल. खाऱ्या दमट हवेत जाड पुस्तकांच्या पुठ्ठ्याचा गोंद मार्चपर्यंत सुटतो. काल्डरमधली डिझेल आणि वायरिंगची पानं फोटोकॉपी करून लॅमिनेट करा आणि इंजिनाच्या झाकणाला आतून चिकटवा.