थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायचं वर्क परमिट: शाळेचं वर्ष संपत आल्यावरचा अनुभव

आधी मार्क देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क कापला तो फोटोकॉप्यांचा, प्रत्येक पानावर सही, पासपोर्टच्या कोऱ्या पानांचीसुद्धा झेरॉक्स मागतात. बाकीचा एक मार्क कापला कारण ही परवानगी तुमची असते पण तुमच्या हातात नसते, ती शाळेच्या ऑफिसात बसलेल्या एका माणसाच्या हातात असते. पगार किती, गाव कसं, समुद्र किती लांब हे सगळं नंतर बघा, आधी तो माणूस बघा. एवढंच सांगायचंय खरं तर, पण ते नीट कळायला सगळी भानगड सांगावी लागेल.

मी नाशिकला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते, बी.ए. इंग्रजी आणि बी.एड. आता कोरातला आहे, नकाशावर नाखोन रातचासिमा दिसेल, बँकॉकपासून साधारण २६० किलोमीटर, समुद्र अजिबात नाही. थायलंडच का, तर भारतीय पासपोर्टवर बाकी दारं अरुंद आहेत म्हणून. कोरियाचा ई-२ व्हिसा, म्हणजे तिथला भाषा शिकवायचा व्हिसा, मुळात सात इंग्रजी देशांच्या पासपोर्टवाल्यांसाठी, आपल्यासाठी २०१० पासून लागू झालेल्या सेपा या भारत-कोरिया व्यापार करारातून एक छोटी वाट आहे, तीही सरकारी शाळेत सहाय्यक शिक्षक म्हणूनच. थायलंडमध्ये असं पासपोर्ट बघून दार लावत नाहीत, जाहिरातींमध्ये 'फक्त नेटिव्ह स्पीकर' दिसेल पण ती शाळांची आवड आहे, कायदा नाही. आमच्या शाळेत निम्म्याच्या वर परदेशी शिक्षक फिलिपिनो आहेत आणि मस्त शिकवतात. पगारात मात्र पासपोर्ट दिसतो, ब्रिटिश माणसाला जास्त आणि आपल्याला कमी, त्याची मानसिक तयारी ठेवून या. नॉन-नेटिव्ह म्हणून इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअरही मागतात, टोइक किंवा आयेल्ट्स, बी.ए. इंग्रजी असलं तरी. थोडं लागतं मनाला पण देऊन टाका परीक्षा.

आता कागद. हे भारतात असतानाच करायचे, इकडे आल्यावर करायला गेलात तर कुरिअरवर कुरिअर आणि आई-बाबांना विद्यापीठात हेलपाटे. डिग्री, मार्कशीट, बी.एड.चं सर्टिफिकेट यांच्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यानंतर थाई दूतावासाचा. परराष्ट्र मंत्रालय थेट आपल्याकडून कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावे लागतात. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतो, फी ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता एकच असेल तर पटकन होतं नाहीतर पोलिस स्टेशन ते पोलिस स्टेशन फिरतं प्रकरण. पुण्यातल्या एका एजंटने मला या सगळ्याचे जे पैसे सांगितले त्यात विमानाचं तिकीट निघालं असतं, मी स्वतःच केलं, वेळ गेला पण जमलं.

क्रम असा आहे. शाळा तुम्हाला पत्रं पाठवते, शाळेचे स्वतःचे कागद आणि खाजगी शाळा असेल तर शिक्षण खात्याच्या ऑफिसचं पत्र. त्यावर तुम्ही नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा काढायचा, आपल्या भाषेत नॉन-बी. हल्ली ते ऑनलाइन झालंय, आपण मुंबईच्या थाई वकिलातीच्या हद्दीत येतो. तो व्हिसा ९० दिवसांचा. त्या ९० दिवसांत शाळेने खुरुसपाकडून, म्हणजे तिकडची शिक्षकांची कौन्सिल, शिकवण्याची तात्पुरती परवानगी आणि कामगार खात्याकडून वर्क परमिट काढायचं आणि मग इमिग्रेशनमध्ये जाऊन मुक्काम वर्षभर वाढवून घ्यायचा, त्याची फी १९०० बाथ. बघा यात 'शाळेने' किती वेळा आलं. तुम्ही फक्त सह्या करता आणि म्हणतील तेव्हा म्हणतील तिथे हजर होता.

आमच्या ऑफिसातल्या बाई इतक्या पक्क्या आहेत की कुठला फॉर्म निळ्या पेनाने आणि कुठला काळ्या हे त्यांना पाठ. शाळा मेच्या मध्याला सुरू होते, एप्रिलमध्ये सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, ऑफिसं बंद असतात, म्हणून त्यांनी मला फेब्रुवारीतच कागदांची यादी पाठवली आणि मार्च संपायच्या आत स्कॅन हवेत म्हणून मागे लागल्या. तेव्हा मला वाटलं किती ही घाई. माझ्याबरोबरच नाशिकहून आलेली एक मैत्रीण दुसऱ्या प्रांतात दुसऱ्या शाळेत लागली, नाव घेत नाही, तिला म्हणाले भारतीयांना ६० दिवस बिनव्हिसा आहे ना, तू ये तर खरी, मग बघू. ती आली, पहिल्या आठवड्यापासून वर्गात उभी केली, कागद कुठे म्हटलं की पुढच्या सोमवारी. परमिट नसताना काम केलं तर दंड ५,००० ते ५०,००० बाथ आणि हाकलून देतात ते वेगळं, आणि तो दंड तिला, कारण वर्गात ती उभी होती. शेवटी ती लाओसला विएंतिआनला जाऊन नॉन-बी घेऊन आली, तिकिटाचे पैसे तिचेच. पात्रता तिची माझ्यापेक्षा जास्त, एम.ए. आहे, पण ऑफिस धड नव्हतं.

वर्क परमिटसाठी मेडिकल लागतं, त्याची गंमत सांगते. क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग, ड्रग्जचं व्यसन, दारूचं व्यसन आणि बळावलेली गरमी (सिफिलिस) नाही असा दाखला. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी माझं बीपी घेतलं, वजन केलं, हसले आणि शिक्का मारला. काही ठिकाणी रक्त तपासतात, आधी विचारून जा. मग निळं पुस्तक मिळालं, तेच वर्क परमिट. त्यावर मालक कोण, काम काय, पत्ता कुठला सगळं लिहिलेलं असतं, बाहेर दुसरीकडे शिकवायचं तर तेही नोंदवावं लागतं. आता हे पुस्तक जाऊन सगळं डिजिटल करत आहेत.

मिळाल्यावर संपलं असं नाही. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, विसरलात तर २,००० बाथ. पहिल्यांदा स्वतः जावं लागतं, पुढे ऑनलाइन होतं, साइट चालू असेल तर. तुम्ही राहायला आलात हे घरमालकाने २४ तासांत कळवायचं असतं, टीएम ३० म्हणतात, आणि ते नसेल तर इमिग्रेशनमध्ये तुमचं पुढचं काम अडतं. घर घेतानाच विचारून घ्या, बऱ्याच मालकांना माहितीच नसतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे री-एन्ट्री परमिट. इकडे ऑक्टोबरमध्ये सुट्टी असते, दिवाळीला घरी जायची इच्छा होणारच, पण री-एन्ट्री न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षभराची मुदत तिथेच संपते, परत शून्यापासून. एकदाचं १,००० बाथ, कितीही वेळा ये-जा करायचं ३,८००. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर निघतानासुद्धा मिळतं पण फ्लाइटच्या टेन्शनमध्ये ते कशाला, आधीच घ्या.

नोकरी सोडलीत तर? मुक्काम शाळेच्या नावावर वाढवलेला असतो, त्यामुळे शेवटच्या दिवसासोबत तोही संपतो. १९०० बाथ भरून सात दिवस मागता येतात, बस. म्हणून मध्येच भांडून राजीनामा वगैरे विचार असेल तर आधी पुढच्या शाळेचे कागद तयार ठेवा, तारखा जुळवून घ्या, आणि जुन्या शाळेकडून सुटल्याचं पत्र हसत हसत घ्या, कितीही राग आला असला तरी.

बी.एड.वाल्यांना एक फायदा आहे. तात्पुरती परवानगी दोन वर्षांची असते, नंतर पक्क्या लायसन्सचा विषय निघतो आणि शिक्षणशास्त्राची डिग्री हातात असेल तर तिथे बरंच सोपं जातं. नुसत्या बी.कॉम.वर आलेले इथले काही जण आता वरचा कोर्स शोधतायत.

तर मुलाखतीत, बहुतेक व्हिडिओवरच होते, त्यांनी 'काही प्रश्न?' विचारलं की पगाराचं नंतर विचारा. आधी विचारा मागच्या वर्षी किती भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकांची परमिटं काढलीत, फी कोण भरतं, नॉन-बी साठीची पत्रं कुठल्या तारखेपर्यंत मिळतील, आणि कागद कोण बघतं, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलता येईल का. आमच्या बाई त्या कॉलवर लगेच आल्या होत्या, मोडक्या इंग्रजीत, हातात माझीच फाइल घेऊन. मैत्रिणीला म्हणाले होते ते नंतर सांगू.