२४०० रेषांची ग्रेटिंग आणि कचऱ्यातली डीव्हीडी

अर्धी चूक माझीच, हे आधी कबूल करतो. विकत घेतलेली ग्रेटिंग हातात आल्यावर पाच महिने मी ती तपासलीच नाही.

स्पेक्ट्रोहेलिओग्राफ बांधायला घेतला होता. नाव भारदस्त, पण काम समजायला सोपं. छोट्या दुर्बिणीतून पडलेल्या सूर्याच्या प्रतिमेतली एक पट्टी १० मायक्रॉनच्या फटीतून आत घ्यायची, ग्रेटिंगने, म्हणजे अतिशय बारीक समांतर रेषा कोरलेल्या काचेने, तिचा वर्णपट पसरवायचा आणि त्याचा व्हिडिओ काढायचा. दुर्बीण स्थिर ठेवली की सूर्य आपसूक फटीवरून सरकत जातो, दोनेक मिनिटांत अख्खी तबकडी होते. मग प्रत्येक फ्रेममधली वर्णपटातली एकच रेषा, समजा हायड्रोजन-अल्फा म्हणजे हायड्रोजनची लाल रेषा, उचलून कॉम्प्युटरवर शेजारीशेजारी लावली की त्या एका रंगातला सूर्य उभा राहतो. हेल आणि देलांद्र या खगोलशास्त्रज्ञांनी १८९०च्या सुमारास हे फोटोच्या काचांवर केलं. आता फ्रान्सचे हौशी आकाशनिरीक्षक क्रिस्तियाँ ब्युइल यांच्या 'सोलेक्स' आराखड्यावरून सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापता येतो. ग्रेटिंग मात्र विकतच घ्यावी लागते, आणि मिलिमीटरला २४०० रेषांची ग्रेटिंग स्वस्त नसते.

एका विक्रेत्याकडे ती निम्म्या किमतीत होती. माणूस बोलायला गोड. "प्रयोगशाळेतली शिल्लक आहे साहेब, डबीसुद्धा उघडलेली नाही." हे मला तेव्हा फार मोलाचं वाटलं, कारण ग्रेटिंगच्या पृष्ठभागाला बोट लागलं की ती वाया गेली, पुसायचीही सोय नाही. परतीची मुदत सात दिवस. माझा सांगाडा अर्धाच छापून झाला होता, म्हणून डबी तशीच कपाटात ठेवली. घरी यंत्र बांधणारे आपण सगळे असेच. सुटे भाग आधी गोळा करतो आणि महिनोन्महिने ठेवून देतो. त्या विक्रेत्याचा धंदा नेमका यावरच चालत होता.

पाच महिन्यांनी यंत्र जोडलं. पहिल्या दिवशी वर्णपट झकास दिसला. फक्त ग्रेटिंग फिरवायच्या चकतीवर हायड्रोजन-अल्फा अपेक्षेपेक्षा तीसेक अंश अलीकडे सापडली. मी दोष दिला सांगाड्याला. तो पुन्हा छापला, पुन्हा जुळवला. त्या खटाटोपात ग्रेटिंगच्या डाव्या खालच्या कोपऱ्याचा टाचणीच्या डोक्याएवढा टवका माझ्याच हातून उडाला. चकतीवर रेषा तरी तिथेच. मग सोडियमच्या दोन रेषा शोधल्या. त्यांच्यात ०.६ नॅनोमीटरचं अंतर असतं. माझ्या भिंगाच्या आणि कॅमेऱ्याच्या हिशोबाने ते ८७ पिक्सेल भरायला हवं होतं. भरलं ३७. तीनदा मोजलं, तरी ३७च.

तेव्हा कुठे हिरवा लेझर काढला. ही दोन मिनिटांची चाचणी मी डबी आली त्याच दिवशी करायला हवी होती, तुम्ही तरी करा. ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश २४०० रेषांच्या ग्रेटिंगवर काटकोनात पडला तर बाजूला ठिपका पडूच शकत नाही. गणितात साइन १.२८ येते, आणि साइन एकाच्या पुढे जात नाही. किरण फक्त आल्या वाटेने परत फिरतो (तो डोळ्यात जाऊ देऊ नका). माझ्या भिंतीवर मात्र दोन्ही बाजूंना एकेक ठणठणीत ठिपका, ४० अंशांवर. म्हणजे रेषा १२००. मग राहवलं नाही म्हणून कचऱ्यातल्या डीव्हीडीचा तुकडा त्याच जागी धरला. तिचा ठिपका ४६ अंशांवर! डीव्हीडीवर कोरलेल्या ओळींमध्ये ०.७४ मायक्रॉन अंतर असतं, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १३५०. प्रयोगशाळेच्या मालापेक्षा फेकून दिलेला सिनेमा बारीक कोरलेला निघाला.

विक्रेता आधी म्हणाला, "तुमचं बोट लागलं असेल." बोट लागल्याने निम्म्या रेषा पुसल्या जात नाहीत, असं सांगितल्यावर लगेच नरमला. "पाठवा परत, बदलून देतो." मी पाठवली. त्यानंतर त्याचा फोन बंद. पुरावा मी स्वतःच कापसात गुंडाळून त्याच्या हवाली केला होता, वर पाठवणीचा खर्चही माझाच.

आमच्या एका मित्राच्या बाबतीत तर गोष्ट याहून गंभीर झाली. त्याला याच माणसाने 'सूर्यासाठी हायड्रोजन-अल्फा फिल्टर' विकला. कडेवर नुसता ७ चा आकडा, एकक नाही. तोंडी सांगितलं, आत येणाऱ्या प्रकाशपट्ट्याची रुंदी ०.७ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). निघाला ७ नॅनोमीटरचा, म्हणजे ७० अँगस्ट्रॉम, शंभर पट रुंद. असले फिल्टर रात्री तेजोमेघांचे फोटो काढायला असतात. सूर्य डोळ्याने बघायच्या फिल्मला प्रकाश लाखाव्या हिश्शावर आणावा लागतो, हा फिल्टर त्याच्या जवळपासही जात नाही. मित्राने दुर्बिणीला कॅमेरा लावला होता म्हणून सेन्सरवर निभावलं. त्या जागी त्याचा डोळा असता.

आता मी पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे लेझर मारलेल्या भिंतीचा फोटो मागतो. बरेच जण त्यावर उत्तरच देत नाहीत. पार्सल आलं की डबी फोडण्यापासून ठिपक्यापर्यंत सलग व्हिडिओ काढतो, आणि पैसे परत आल्याशिवाय वस्तू हातची सोडत नाही.

परवा तीच ग्रेटिंग पुन्हा विक्रीला लागलेली दिसली. फोटो अगदी स्पष्ट आहे, डाव्या खालच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा टवका. खाली लिहिलंय: रेषा २४००, डबी उघडलेली नाही.