समोर बसलेला माणूस की स्मृतीतला? फ्रॉइड आणि बेकन यांच्या दोन वाटा

मनातली खळबळ मनुष्याकृतीच्या आधारे तैलरंगात मांडू पाहणाऱ्या चित्रकाराला एक निर्णय लवकर घ्यावा लागतो: मॉडेल समोर बसवून रंगवायचे, की छायाचित्रे आणि स्मृती यांवर विसंबायचे? लंडनमध्ये एकाच काळात काम करणाऱ्या, एकेकाळी जिवलग मित्र असलेल्या ल्युसियन फ्रॉइड (१९२२–२०११) आणि फ्रान्सिस बेकन (१९०९–१९९२) या चित्रकारांनी या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे दिली.

फ्रॉइड प्रत्यक्ष बैठकीवरच भर देत असे आणि एकेक चित्र महिनोन्महिने चालत असे. १९७० मध्ये वडील वारल्यावर त्याची आई खोल नैराश्यात गेली. १९७२ पासून पुढे दशकभराहून अधिक काळ तो तिला रंगवत राहिला. या चित्रांत आक्रोश नाही. आईचे जगावरून उडालेले मन तिच्या निश्चल नजरेतून कळते, आणि मुलाची व्यथा मला तरी त्याच्या पाहण्याच्या चिकाटीतच जाणवते. सावकाश वाळणाऱ्या तैलरंगामुळे अशी दीर्घ, थरांवर थर चढवणारी उजळणी शक्य होते. पुढे त्याने वापरलेल्या क्रेम्निट्झ व्हाइट या शिशाच्या दाट पांढऱ्या रंगाने त्याच्या आकृतींच्या त्वचेला वजन आले. मात्र हा रंग विषारी असल्याने वाळलेला थर घासून त्याची धूळ उडू देऊ नये.

बेकनला मॉडेलच्या उपस्थितीचा संकोच वाटे, म्हणून त्याने छायाचित्रकार जॉन डीकिनकडून मित्रांची छायाचित्रे काढून घेतली. तो कॅनव्हासच्या अस्तर (रंगाआधी दिला जाणारा लेप) नसलेल्या मागच्या बाजूवर रंगवी. ती बाजू रंग शोषून घेत असल्याने चुकलेला फटकारा पुसता येत नाही. त्याचा जोडीदार जॉर्ज डायर ऑक्टोबर १९७१ मध्ये, बेकनच्या पॅरिसमधील मोठ्या प्रदर्शनाच्या तोंडावर, तिथल्या हॉटेलात मरण पावला. ‘ट्रिप्टिक, मे–जून १९७३’ या तीन भागांच्या चित्रात शौचकूपावर बसलेला, बेसिनमध्ये ओकणारा आणि काळ्या सावलीने वेढलेला डायर दिसतो. गेलेल्या माणसाची बैठक घेता येत नाही. इथे स्मृतीखेरीज दुसरा मार्गच नव्हता.

ज्याच्याविषयी भावना दाटते तो माणूस हयात असेल आणि वेळ देण्यास राजी असेल, तर फ्रॉइडची वाट निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निरीक्षण पक्के नसताना केलेली आकृतीची मोडतोड लवकरच सराईत लकब बनते, आणि बेकनच्या अनुकरणात हा धोका सर्वांत मोठा आहे. विरह किंवा मृत्यू हाच विषय असेल, तर मात्र बेकनची वाट धरावी. छायाचित्र जवळ ठेवावे, पण त्याची नक्कल करू नये.