घरच्यांसाठी एक्सएमपीपी की मॅट्रिक्स?

सिग्नल की टेलिग्राम, हा वाद इथे घेत नाही. दोन्हीकडे सर्व्हर एकाच संस्थेच्या हातात, आणि तिथलं खातं बाहेरच्या कुणाशी बोलत नाही. ईमेलसारखी सोय हवी असेल, म्हणजे तुमचा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, ॲपही वेगळं, तरी निरोप पोचतो, तर माझ्या मते घरात वापरण्याजोगे पर्याय दोनच उरतात: एक्सएमपीपी आणि मॅट्रिक्स. ही ॲप नाहीत, निरोप पाठवण्याच्या खुल्या पद्धती आहेत; त्यांवर कुणीही सर्व्हर आणि ॲप बनवू शकतं. आमच्या घरची अकरा माणसं सातारा, पुणे, डोंबिवली आणि जर्मनीत पांगलेली आहेत. त्यांच्यासाठी मी अडीच वर्षं मॅट्रिक्सचा सर्व्हर चालवला, आणि गेली दोन वर्षं एक्सएमपीपीचा चालवतोय.

एक्सएमपीपी म्हणजे १९९९ मधला जॅबर. २००४ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने त्याला प्रमाण (स्टँडर्ड) म्हणून मान्यता दिली. पुढे गूगल टॉक त्यावर चालायचा, बाहेरच्या सर्व्हरशी बोलायचाही. २०१३ मध्ये गूगलचंच हँगआउट्स आलं आणि तो रस्ता बंद होत गेला. फेसबुक चॅटलाही एक्सएमपीपीचं दार होतं, तेही २०१५ मध्ये लावून घेतलं गेलं. त्यावरून ‘एक्सएमपीपी मेलं’ असं अजून ऐकू येतं. मला उलट वाटतं. एवढे मोठे दोघे निघून गेले तरी मागे राहिलेले सर्व्हर एकमेकांशी बोलत राहिले, ही मला त्या प्रमाणाची सगळ्यात मोठी परीक्षा वाटते.

मॅट्रिक्स २०१४ चं. त्याची कल्पना खरोखर सुंदर आहे. गट, म्हणजे त्यांच्या भाषेत खोली, कुठल्या एका सर्व्हरवर राहत नाही. ज्यांचे सदस्य त्यात आहेत त्या प्रत्येक सर्व्हरवर तिची प्रत असते. एक सर्व्हर बंद पडला तरी बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं. एक्सएमपीपीत गट ज्या सर्व्हरवर आहे तो झोपला की गटही झोपतो. फ्रान्स सरकारचं तशाप हे मेसेंजर मॅट्रिक्सवर उभं आहे, जर्मन सैन्याचं मेसेंजरही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०२० मध्ये आयआरसी ही गप्पांची जुनी पद्धत सोडून मॅट्रिक्स घेतलं. शंभर-दोनशे माणसांची संस्था असेल, जुनं बोलणं शोधावं लागत असेल, ब्राउझरमधून काम करायचं असेल, तर मी आजही मॅट्रिक्सच सुचवीन.

त्या सुंदर कल्पनेचं भाडं मात्र डिस्कवर पडतं. बाहेरच्या एकदोन मोठ्या खोल्यांत मी सहज म्हणून शिरलो, आणि सिनॅप्सचा, म्हणजे मॅट्रिक्सच्या सर्व्हर सॉफ्टवेअरचा, डेटाबेस असा फुगला की महिन्याभरात सर्व्हरची जागा वाढवून घ्यावी लागली. एक्सएमपीपीचं सर्व्हर सॉफ्टवेअर प्रोसॉडी त्याच सर्व्हरवर आहे की नाही, हे मला अधूनमधून तपासून बघावं लागतं, इतकं ते निमूट चालतं. हे माझ्या छोट्या सर्व्हरचं झालं. तुमच्याकडे दणकट मशीन असेल तर कदाचित फरक जाणवणारही नाही.

माझा निर्णय मात्र डिस्कने नाही झाला, आईच्या फोनने झाला.

मॅट्रिक्सवर कूटबद्ध (तिसऱ्याला वाचता न येणाऱ्या) बोलण्याच्या किल्ल्या सांभाळायला एक रिकव्हरी की मिळते: चार-चार अक्षरांचे बारा गट, एकूण अठ्ठेचाळीस अक्षरं. मी फोनवरून एकेक गट वाचून दाखवला आणि आईने तो कॅलेंडरच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाशेजारी, नीट लिहून घेतला. वर्षभराने तिचा फोन एकाएकी बंद पडला. नवा फोन घेतला, पासवर्ड टाकला, तर ॲपने अडवलं: आधी ओळख पटवा. जुना फोन हाताशी नाही, म्हणून किल्ली टाकली. चुकीची. परत टाकली. चुकीची. रविवारी मी साताऱ्याला गेलो तेव्हा ते पान पाहिलं. बँकेचा फॉर्म भरायची सवय असलेल्या माणसाने लिहावं तशी सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये होती, सुबक, एका ओळीत. त्या किल्लीत लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरतात. अठ्ठेचाळीसपैकी कुठलं लहान होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मग ओळख नव्याने तयार केली. आईच्या फोनवर जुन्या मेसेजच्या जागी ‘उघडता येत नाही’ अशा राखाडी ओळी आल्या, आणि बाकी दहा जणांच्या फोनवर ‘हिची ओळख बदलली आहे’ असा इशारा. डोंबिवलीच्या काकांनी घाबरून फोन केला: “अरे, वहिनीचं खातं कुणी हॅक केलंय का?” काकांचं काहीच चुकलं नव्हतं. तो इशारा त्यासाठीच असतो. आई मात्र महिनाभर त्या ॲपला हात लावायला तयार नव्हती. आपल्या हातून काहीतरी मोडलं असंच तिच्या मनाने घेतलं. हे मला फार लागलं.

किल्लीऐवजी स्वतःचं वाक्य ठेवता येतं, हे मला माहीत आहे, आणि ॲपही तेव्हापासून सुधारली असतील. तरीही.

एक्सएमपीपीवर गेल्या वर्षी तिने पुन्हा फोन बदलला. कॉन्व्हर्सेशन्स हे एक्सएमपीपीचं ॲप टाकलं, पत्ता आणि पासवर्ड दिला (पासवर्ड या वेळी मी सगळा कॅपिटलमध्येच ठेवला होता), आणि पाच मिनिटांत “पोचलं का रे?” असा मेसेज आला. जुनं बोलणं तिथेही आपोआप येत नाही, बॅकअपची फाइल आधी काढून ठेवावी लागते. ओमेमोत, म्हणजे एक्सएमपीपीच्या कूटबद्धीकरणात, नवं उपकरण, तुम्ही स्वतः पडताळणी सुरू केलेली नसेल तर, मुकाट्याने विश्वासात घेतलं जातं. काटेकोर माणूस याला ढिलाई म्हणेल, आणि पत्रकाराला किंवा वकिलाला मी हे असंच ठेवायला सांगणार नाही. आमचं बोलणं गोळ्यांच्या वेळा, लग्नाच्या तारखा आणि नातवंडांचे फोटो एवढंच असतं.

एक्सएमपीपीचा त्रास आयफोनवर आहे. पुण्याच्या बहिणीकडे मोनल हे आयफोनचं एक्सएमपीपी ॲप आहे; मेसेज पोचतात, पण सूचना कधीकधी उशिरा वाजते, म्हणून घाईचं काम असलं की आम्ही सरळ फोन करतो. घरात निम्म्याहून जास्त आयफोन असतील तर माझं मत जरा बाजूला ठेवा. गट करताना तो खासगी, फक्त सदस्यांसाठी असा करा. सार्वजनिक केला तर ओमेमो चालत नाही. माझा पहिला गट मला याच कारणाने पुन्हा करावा लागला.

खुल्या प्रमाणाचा खरा फायदा दोन्हीकडे सारखाच आहे, तो मला मे २०२३ मध्ये कळला. केंद्र सरकारने चौदा मेसेजिंग ॲपवर बंदी घातली, त्यात मॅट्रिक्सचं एलिमेंटही होतं. आम्ही त्याच खात्यांनी दुसऱ्या ॲपमधून बोलत राहिलो. ना पत्ता बदलला, ना गट मोडला.

सर्व्हर चालवायची हौस नसेल तर क्विक्सी पाहा: एक्सएमपीपीच, पण फोन नंबरवर, त्यामुळे घरच्यांना पत्ता वगैरे समजावून सांगावा लागत नाही. त्याच धर्तीचं प्राव आपल्याकडची मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी सहकारी तत्त्वावर उभं करू पाहताहेत. साखर आणि दूध सहकारावर चालवलेल्या माणसांना सर्व्हरचे सभासद होणं अवघड जाऊ नये.

ठरवण्याआधी पंधरा दिवस दोन्ही वापरा. घरात फोन सगळ्यात कमी हाताळणारं जे माणूस असेल त्याच्या हातात द्या, आठवडाभराने त्याला खात्यातून बाहेर काढा, आणि मदत न करता परत आत यायला सांगा.