निम्मा खिमा, निम्मे सोया : सुक्या सोया ग्रॅन्युल्सचा सहा महिन्यांचा अनुभव

किराणा सामानाच्या यादीत ज्या वस्तूवर सर्वांत जास्त पैसे जातात तिच्यापासूनच काटकसरीला सुरुवात करावी, असे ठरवून मी सहा महिन्यांपूर्वी घरच्या खिम्यात सुके सोया ग्रॅन्युल्स मिसळायला घेतले. मीठ किंवा साखर स्वस्तातली आणून फारसे काही हाती लागत नाही, कारण मुळात त्यांवरचा खर्चच थोडा असतो. मांसाचे तसे नाही. तिथे चौथा हिस्सा जरी कमी झाला तरी महिन्याअखेरीस तो जाणवतो. हा अभिप्राय साध्या, मसाला न लावलेल्या, बारीक दाण्याच्या ग्रॅन्युल्सविषयी आहे. सहा महिन्यांत मी तीन वेगवेगळी पाकिटे वापरली आणि एक अपवाद सोडला तर त्यांच्यात फार फरक आढळला नाही.

हा पदार्थ काय आहे हे आधी समजून घेतले तर तो स्वस्त का, याचाही उलगडा होतो. सोयाबीनमधून तेल काढून घेतल्यावर जो भाग उरतो, त्याचे खाण्यायोग्य प्रतीचे पीठ करतात, ते ओलसर करतात आणि उष्णता व दाब देणाऱ्या यंत्रातून बारीक छिद्रांवाटे बाहेर ढकलतात. बाहेर पडताक्षणी दाब उतरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते पीठ स्पंजासारखे फुगते. मग ते वाळवले की जाळीदार, हलके दाणे तयार होतात. आर्चर डॅनियल्स मिडलंड या अमेरिकन कंपनीने 1960च्या दशकात हा पदार्थ बाजारात रुजवला, आणि 1971 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने शाळांमधल्या जेवणात 70 भाग कच्च्या मांसाला 30 भाग भिजवलेले सोया मिसळण्यास मान्यता दिली. म्हणजे मांस पुरवून वापरण्यासाठी सोया घालण्याची कल्पना काही आजची नाही. तेल काढल्यावर उरणारा भाग वापरात येतो, जनावराला धान्य खाऊ घालून त्याचे मांस होण्याची लांबची वाट टळते, आणि माल कोरडा असल्यामुळे साठवणीला वा वाहतुकीला थंडाव्याची गरज पडत नाही. यांपैकी एकही कारण निकृष्टतेचे नाही, म्हणूनच मी हा बदल निर्धास्तपणे करून पाहिला.

किमतीची तुलना करताना मात्र बहुतेक जण फसतात, आणि पहिल्या खेपेला मीही फसले. दुकानात कोरड्या ग्रॅन्युल्सचा किलोचा भाव आणि खिम्याचा किलोचा भाव शेजारी ठेवून आपण विचार करतो. पण हे दाणे आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी शोषतात, त्यामुळे 100 ग्रॅम कोरड्या मालाचे जवळपास 300 ग्रॅम ओले सोया होते. याउलट खिमा शिजताना आटतो. त्यातले पाणी आणि चरबी सुटून साधारण पाव वजन कमी होते. म्हणून कोरड्या पाकिटाच्या भावाला तीनने भागावे आणि मग येणारा आकडा खिम्याच्या भावाशी ताडून पाहावा. हे गणित केल्यावर जो फरक दिसतो तो पाकिटावरच्या किमतीवरून कधीच लक्षात येत नाही. गोठवलेल्या, तयार, मसालेदार ‘मांसासारख्या’ पाकिटांच्या बाबतीत नेमकी उलटी गत होते. तो माल आधीच भिजलेला असतो, म्हणजे आपण पाण्याचे आणि वेष्टनाचे पैसे मोजतो, आणि कित्येकदा तो खऱ्या खिम्यापेक्षाही महाग पडतो. काटकसरीसाठी ते पाकीट मुळीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. पाकिटावर लिहिलेले असते की दाणे गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवा आणि भाजीत घाला. मी पहिल्यांदा अगदी तसेच केले आणि तो खिमा घरात कोणालाही आवडला नाही. एक तर त्याला कच्च्या शेंगांसारखा हिरवट वास येत होता, आणि दुसरे म्हणजे दाण्यांत साठलेले पाणी कढईत सुटून सगळ्याचा लगदा झाला होता. या वासाचे मूळ सोयाबीनमधल्याच एका विकरात आहे: दाणा दळताना ते विकर तेलाच्या अंशावर काम करते आणि त्यातून हा वास तयार होतो. पुढे उष्णतेने विकर नष्ट झाले तरी तयार झालेला वास काही प्रमाणात मागे राहतो. तो काढायचा तर दाणे उकळत्या पाण्यात भिजवायचे, ते पाणी टाकून द्यायचे, पुन्हा एकदा साध्या पाण्याने धुवायचे आणि मग मुठीत धरून अगदी घट्ट पिळायचे. पिळल्यावर दाणे सुटे आणि हलके वाटले पाहिजेत, हाताला पाणी लागता कामा नये. या एका कृतीने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही, आणि पाकिटांवर तिचा उल्लेखही नसावा याचे मला मनापासून वाईट वाटते. कितीतरी लोक पहिल्याच प्रयत्नानंतर हे पाकीट कपाटाच्या मागच्या बाजूला ढकलून देत असतील. पिळलेले दाणे नंतर साध्या पाण्याऐवजी टोमॅटोच्या रसात किंवा हाडांच्या उकळलेल्या पाण्यात पाच मिनिटे ठेवले तर आणखी उत्तम, कारण रिकामा स्पंज मिळेल ती चव शोषून घेतो.

प्रमाणाचे प्रयोग मी तीन टप्प्यांत केले. आधी 30 टक्के ओले सोया आणि 70 टक्के खिमा घेतला. टोमॅटोच्या रश्शात शिजवल्यावर तो नेहमीसारखाच लागला आणि कोणाला काही वेगळे जाणवले नाही. नंतर निम्मे-निम्मे केले. त्या दिवशी धाकटी मुलगी दोन घास खाऊन म्हणाली, “आई, चव छान आहे, पण आज खिमा कोरडा का लागतोय?” तिने नेमके बोट ठेवले होते. नेहमीच्या खिम्यात 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमपर्यंत चरबी असू शकते, आणि या दाण्यांत ती जेमतेम एक ग्रॅम असते, कारण त्यांचे तेल आधीच काढून घेतलेले असते. आपण ज्याला मांसाची चव आणि मऊपणा म्हणतो त्यातला मोठा वाटा या चरबीचा असतो. म्हणजे अर्धा किलो खिम्यातला पाव किलो काढून त्या जागी सोया घातले की कढईतली 50 ग्रॅमपर्यंत चरबीही नकळत गेलेली असते. पुढच्या वेळी मी पिळलेले दाणे दोन मोठे चमचे तेलात कांदा-लसणाबरोबर चांगले तांबूस होईपर्यंत वेगळे परतले आणि मगच शिजत आलेल्या खिम्यात मिसळले. कोरडेपणाची तक्रार पुन्हा आली नाही, आणि गेलेल्या चरबीपेक्षा घातलेले तेल कमीच होते. 85 ग्रॅम कोरडे दाणे म्हणजे भिजून पाव किलो, हे माप आता माझ्या हातात बसले आहे.

संपूर्ण सोयाचा खिमाही मी दोनदा करून पाहिला. ज्या घरात मांस खातच नाहीत तिथे तो एक स्वतंत्र पदार्थ म्हणून चांगला लागेल, परंतु ज्यांच्या जिभेला खिम्याची सवय आहे त्यांच्यासाठी तो पर्याय ठरत नाही. आमच्याकडे दोन्ही वेळा ताटात उरले, आणि जे ताटात उरते ते कितीही स्वस्त असले तरी वाया गेलेलेच असते.

पदार्थानुसारही निकाल बदलतो. रस्सा, भरलेल्या भाज्यांचे सारण, किंवा भरपूर कांदा-टोमॅटो घालून मंद आचेवर शिजणारे काहीही असेल तर निम्मे सोया बेमालूम मिसळते. पॅटिससारख्या तव्यावर भाजायच्या प्रकारात मात्र मांसाची स्वतःची चिकटपणाची ताकद लागते आणि ती सोयात नाही. तिथे मी पाव हिस्स्याच्या पुढे जात नाही, शिवाय अंडे किंवा उकडलेला बटाटा बांधणीसाठी घालावा लागतो. मोठ्या आकाराच्या सोयाच्या वड्या मांसाच्या तुकड्यांऐवजी वापरण्याचा प्रयत्न मात्र पूर्णपणे फसला, कारण खिम्यात दाणा लपतो, पण तुकडा दातांखाली आला की तो काय आहे ते लगेच कळते.

पोषणाच्या बाजूने हा बदल तोट्याचा नाही, पण अगदी बरोबरीचाही नाही. कोरड्या ग्रॅन्युल्समध्ये साधारण निम्मी प्रथिने असतात. भिजल्यावर ती 100 ग्रॅममागे 16 ते 17 ग्रॅमवर येतात, आणि कच्च्या खिम्यातही जवळपास तितकीच असतात. सोयाच्या प्रथिनांचा दर्जा कडधान्यांमध्ये वरच्या श्रेणीचा आहे, आणि त्याबरोबर मांसात अजिबात नसलेला तंतुमय भागही मिळतो. परंतु ब12 जीवनसत्त्व साध्या सोयात नसते, आणि त्यातले लोह मांसातल्या लोहाइतके सहज अंगी लागत नाही. टोमॅटो किंवा लिंबाच्या आंबटपणाबरोबर ते अधिक चांगले शोषले जाते. मी निम्मा खिमा कायम ठेवला यामागे हेही एक कारण आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत घरात दोघांना पोटात वायू धरण्याचा त्रास झाला. सोयाबीनमधल्या ज्या शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडून आंबवल्या जातात, त्याचा हा परिणाम. त्या पाण्यात विरघळतात, त्यामुळे भिजवलेले पाणी टाकून देण्याचा इथेही उपयोग झाला आणि हळूहळू तक्रार थांबली.

एका गोष्टीबाबत मी कोणतीही तडजोड करत नाही: जेवणाऱ्याला आधी सांगायचे. सोया हा ॲलर्जी आणणाऱ्या प्रमुख पदार्थांपैकी एक आहे, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत सोया औषधाच्या शोषणात अडथळा आणू शकते. पाहुण्यांना न सांगता असा खिमा वाढणे मला चुकीचे वाटते. आमच्या सासूबाई ती गोळी घेतात, म्हणून डॉक्टरांना विचारून त्यांची गोळी आणि हे जेवण यांच्यात पुरेसे अंतर ठेवतो.

ज्या अपवादाचा वर उल्लेख केला ते पाकीट मी घाईत, भाव थोडा कमी दिसला म्हणून उचलले होते. आत जवळपास चौथा हिस्सा भुकटी निघाली, ती पिळताना बोटांतून वाहून गेली, आणि उरलेल्या दाण्यांना जुनाट, खवट वास होता. तेव्हापासून मी पारदर्शक पाकीटच घेते, तळाशी भुकटी साचलेली नाही ना ते हलवून पाहते, तारीख वाचते, आणि घटकांच्या यादीत सोयाच्या पिठाखेरीज मीठ किंवा मसाला आहे का ते तपासते. मसालेदार पाकिटात मीठ आपल्या हाताबाहेर जाते आणि भावही चढा असतो. कोरडा माल घट्ट झाकणाच्या बरणीत महिनोन्महिने राहतो. भिजवलेला माल मात्र कच्च्या मांसाइतकाच नाशिवंत समजावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा.

याच काळात मी आणखी दोन अदलाबदली केल्या, त्यांच्याविषयी थोडक्यात सांगते. डबाबंद शिजवलेल्या कडधान्यांऐवजी कोरडी कडधान्ये आणून रात्रभर भिजवणे हा बदल पूर्णतः यशस्वी झाला. ती शिजल्यावर दुपटीहून अधिक होतात आणि चवीत डबाबंद मालापेक्षा सरस ठरतात, फक्त आदल्या रात्री आठवण ठेवावी लागते. ताज्या दुधाऐवजी साय काढलेल्या दुधाची भुकटी सुपात आणि केकच्या पिठात चांगली चालली, पण पेल्यात पिण्यासाठी ती कोणालाच आवडली नाही, आणि कारण पुन्हा तेच होते: निघून गेलेली स्निग्धता.

सोया ग्रॅन्युल्सना मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण पाकिटावरच्या अपुऱ्या सूचनांमुळे कापला आहे. आठवड्यातून दोनदा होणारा आमचा खिमा आता नेहमी निम्म्या सोयाचा असतो, पॅटिस पाव हिस्स्याचे, आणि सणासुदीला किंवा कोणी खास जेवायला येणार असेल तेव्हा तो पूर्ण मांसाचाच असतो. चौथे पाकीट कालच बरणीत भरले आणि बरणीवर तारखेची चिठ्ठी लावली.