सोलापुरातलं ‘लेखक पॅकेज’: काय घ्यावं, काय नाकारावं

पन्नाशीत नोकरी गेली, कंपनीकडून हिशेब मिळाला आणि इतकी वर्षं डोक्यात घोळणारी कादंबरी एकदाची वहीत उतरली. अशा माणसाच्या गळ्यात हमखास मारलं जाणारं पॅकेज म्हणजे ‘हस्तलिखित द्या, 100 प्रती न्या’. टंकन, मांडणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), छपाई आणि वर प्रकाशन समारंभ, सगळं एकरकमी. टंकन-छपाईच्या दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच मिळतं. दरही देत नाही, ते कागदाच्या भावाबरोबर हलतात. दर मागताना मात्र टंकनाचा पानामागे, छपाईचा प्रतीमागे आणि मुखपृष्ठाचा वेगळा असा फोडून मागा. एकरकमी आकड्यात काय काय दडलंय ते तेव्हाच कळतं.

आमचं मत आधीच सांगतो. टंकन आणि मांडणी पैसे वसूल. बांधणी नमुना पाहूनच. आयएसबीएनसाठी पैसे देऊ नयेत. समारंभ सरळ वगळावा. शाल, गुच्छ आणि हॉलच्या भाड्यात एक जास्तीचं प्रूफ (तपासायची कच्ची छापील प्रत) सहज निघतं.

टंकन करणारी मंडळी सरावलेली असतात. फुलस्केपवर एकाच बाजूला, डावीकडे दोन बोटं समास सोडून आणि पानावर क्रमांक घालून लिहिलेलं असेल तर चुका निम्म्यावर येतात. कागदाच्या पाठीवर लिहिलेली ‘इथे हे घाला’ छाप भर हमखास सुटते. ती वेगळ्या कागदावर 47अ, 47ब असे क्रमांक देऊन द्या.

खरी गोम फॉन्टची आहे. अनेक ठिकाणी अजून श्रीलिपी या टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर काम चालतं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 सालची. छापील पान त्यातून सुरेख निघतं, पण पुढे ई-बुक करायचं किंवा एखाद्या प्रकाशकाला फाइल पाठवायची झाली की मजकूर युनिकोडमध्ये फिरवावा लागतो आणि तिथे रफार उड्या मारतो. ‘मर्यादा’चं ‘मयार्दा’ होतं, ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र बिघडतो. आणखी एक लपलेली खोड म्हणजे ‘तो’मधला ओकार काना आणि मात्रा असा दोन तुकड्यांत बसतो. डोळ्यांना पान बरोबर दिसतं, पण फाइलमध्ये ‘तो’ शोधला तर एकही सापडत नाही. ताब्यात घेताना हीच चाचणी करा. इनडिझाइन या नव्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होणार असेल तर भारतीय लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय, म्हणजे वर्ल्ड-रेडी कंपोजर, चालू आहे ना, एवढं विचारा. ती बंद असली की वेलांट्या आणि जोडाक्षरं भलतीकडे जातात. शेवटी पीडीएफबरोबर युनिकोड मजकूर आणि मांडणीची मूळ फाइलही मिळाली पाहिजे. ‘पीडीएफ दिली की झालं’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा जावंच लागतं.

प्रूफ तीन हवीत. पॅकेजात बहुधा एकच असतं, तेही व्हॉट्सॲपवर. मोबाइलवर प्रूफ वाचू नये, कागदावरच मागा. पहिलं प्रूफ दोघांनी मिळून तपासावं, एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील पानावर बोट ठेवायचं. गाळलेला परिच्छेद असाच सापडतो, एकट्यानं वाचताना डोकं तो आपोआप भरून काढतं. दुसऱ्या प्रूफात केलेल्या दुरुस्त्या आणि त्यांच्या वरखालच्या ओळी पाहायच्या, कारण एक चूक काढताना शेजारी दुसरी घुसते. तिसरं फक्त पृष्ठांक, प्रकरणांची सुरुवात आणि पानाच्या तळाशी एकटी पडलेली ओळ यांसाठी.

सोलापूरच्या कादंबरीत एक वेगळा घोळ होतो. टॉवेलच्या कारखान्यातला जॉबर (मागांवर देखरेख करणारा) ‘काय करालायंस बे?’ म्हणतो आणि उत्साही मुद्रितशोधक त्याचं ‘काय करतो आहेस रे?’ करून टाकतो. निवेदनाला मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे शुद्धलेखनाचे नियम लावावेत, संवादाला हात लावू नये. ‘बे’, ‘हाय’, ‘न्हाई’, वाक्याशेवटचा ‘की’, घरात बोलले जाणारे तेलुगू-कन्नड शब्द, या सगळ्यांची एकपानी यादी प्रूफाला आधीच टाचून द्या. ज्या गावातून दाते पंचांग निघतं तिथे बारकाईनं वाचणारा माणूस मिळत नाही, ही सबब आम्हाला पटत नाही.

मांडणीत डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच), 13 पॉइंटचा टाइप आणि 17-18 पॉइंटचं ओळअंतर मागा. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार असल्यानं ओळी दाटल्या की त्या एकमेकींत अडकतात. या मापात पानावर साधारण 240 ते 250 शब्द बसतात, म्हणजे 55,000 शब्दांची कादंबरी 224 पानांच्या आसपास जाते. हा आकडा सोयीचा आहे, कारण 16 पानांचा एक फॉर्मा धरला तर बरोबर 14 फॉर्मे होतात. 229 पानं झाली तर ऑफसेटला (प्लेट लावून होणाऱ्या छपाईला) पंधरावा फॉर्मा लागतो आणि 11 पानं कोरी जातात. अशा वेळी पाच पानांचा मजकूर कापणं शहाणपणाचं, आणि पहिल्या कादंबरीत पाच पानं जास्तीची असतातच.

100 प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च आधीच बसतो, तो तीनचारशे प्रतींवर पसरला तरच जमतं. ‘500 घ्या, प्रत स्वस्त पडेल’ हे गणित कागदावर खरं असतं, पण त्यातल्या चारशे प्रती तुमच्या पलंगाखाली राहणार. पुस्तकविक्रेता छापील किमतीवर 40 टक्क्यांपर्यंत सूट मागतो, हेही त्यात धरा.

बांधणीसाठी त्याच मशीनवर झालेलं, निदान एक उन्हाळा काढलेलं जुनं पुस्तक मागा. मधोमध सपाट उघडा आणि मधलं एक पान हलकेच ओढा. पाठ पुरेशी खरवडलेली नसली की डिंक नुसता वर बसतो आणि पान अलगद हातात येतं. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) पाठीला आडवा गेला असेल तर पुस्तक मिटल्यावर पाठीजवळ लाटा दिसतात. आतला समास 20 मिलिमीटरच्या खाली नको. मुखपृष्ठाला एकाच बाजूनं लॅमिनेशन असतं, त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते आत वळतं. किमान 250 जीएसएमचं (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) आर्टकार्ड घेतलं की वळण कमी होतं. पानसंख्या ठरल्याशिवाय मुखपृष्ठ पक्कं करू देऊ नका. 224 पानांची पाठ 10-11 मिलिमीटर भरते. आठ धरून केलेलं डिझाइन असेल तर पाठीवरचं नाव कडेला सरकतं.

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्जावर मोफत मिळतो, लेखकालाही. दुकानाच्या नावावरचा घेतला तर प्रकाशक म्हणून दुकानाचीच नोंद होते. पावतीमागचा बारीक मजकूरही वाचा. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असेल तर खोडून सही घ्या.

या पॅकेजातली सर्वांत मोठी उणीव म्हणजे संपादन. प्रूफ तपासणं म्हणजे संपादन नव्हे. नोकरी गेल्यावर लिहिलेल्या कादंबरीत दोन गोष्टी हटकून होतात. पहिली तीस पानं कारखान्याच्या इतिहासात जातात आणि गोष्ट एकतिसाव्या पानावर सुरू होते. दुसरी जास्त धोक्याची: मालक, मॅनेजर, युनियनचा पुढारी नावानिशी येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी हा गुन्हा आहे, आणि नुसतं नाव बदलून भागत नाही. हुद्दा, चाळ, गाडीचा रंग यांवरून माणूस ओळखू आला तरी अडचण होते. दोन माणसांचं एक पात्र करा, कारखान्यातलं खातं बदला, साल हलवा. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ या ओळीवर विसंबू नका. हे सांगणारा वाचक दुकानात मिळणार नाही. वाचनालयातला एखादा जुना, तोंडावर बोलणारा सभासद गाठा आणि टंकनाच्या आधी वही त्याच्या हातात द्या.

आणि पॅकेजची आगाऊ रक्कम भरण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चालू वर्षाची जाहिरात बघा. ही योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे आणि तिच्यात कादंबरीही बसते. 100 प्रती छापून झाल्यावर तोच मजकूर अप्रकाशित म्हणून तिकडे देता येणार नाही, आणि काउंटरवर हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.