इलेक्ट्रोलाइट पावडर, तीस सॅशेंचा डबा: चवीला चार स्टार, लेबलला दीड

तीस सॅशेंचा डबा मागवला होता, संत्र्याचा फ्लेवर, शुगर फ्री. इलेक्ट्रोलाइट म्हणजे सोडियम, पोटॅशियमसारखे घामातून जाणारे क्षार, ते भरून काढायला ही पावडर पाण्यात घालून प्यायची. दीड महिना झाला आणि अजून अकरा सॅशे तसेच पडून आहेत, म्हणून म्हटलं एकदाचा रिव्ह्यू लिहून टाकू. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नंतर दुकानात उभं राहून आणखी चारपाच डबे उलटेपालटे करून वाचले आणि कमीजास्त सगळ्यांची गत हीच आहे.

चव आधी सांगते. छान आहे. खारट-आंबट, धावून आल्यावर घटाघट जाते. फक्त पावडर पूर्ण विरघळत नाही, ग्लासच्या तळाशी पांढरा थर बसतो, चमच्याने ढवळला की वर येतो आणि दोन मिनिटांत परत खाली. घटकांच्या यादीत मॅग्नेशियम ऑक्साइड आहे, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा तो थर त्याचाच असणार. मी पहिले काही दिवस शेवटचा घोट पण पिऊन टाकायचे, पैसे वसूल म्हणून, आणि रिकाम्या पोटी दोन सॅशे घेतले त्या दिवशी पोटाने जे काही केलं ते इथे लिहीत नाही. मॅग्नेशियम जास्त झालं की जुलाब होतात ही काही नवीन गोष्ट नाही, औषधांच्या दुकानात ते त्याच कामासाठी पण मिळतं. पण डब्यावर याबद्दल एक अक्षर नाही.

आता लेबल. अक्षरं इतकी बारीक की फोनचा कॅमेरा झूम करून वाचावी लागली. एका सॅशेत सोडियम ५०० मिलिग्रॅम, पोटॅशियम ३००, मॅग्नेशियम १००. आणि खाली लिहिलंय ‘दिवसातून १ ते ३ सॅशे’. म्हणजे तीन घेतले तर सोडियम झालं १५०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने दिवसभरात २००० च्या आत राहावं, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, आणि त्यात जेवण, पाकिटातलं खाणं, सगळं आलं. इथे पाऊण कोटा नुसत्या पाण्यातून संपला! सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं, हा हिशोब एकदा डोक्यात बसला की कुठलंही लेबल वाचताना उपयोगी पडतो. मी पाकिटातल्या सूपवर तो करून बघितला आणि पाकीट परत ठेवून दिलं. गंमत म्हणजे त्या सूपला कोणी इलेक्ट्रोलाइट सूप म्हणत नाही, तिथे ते नुसतं मीठ असतं, आणि इथे तेच सोडियम चकचकीत डब्यात आलं की हायड्रेशन.

मग मला खरंच याची गरज आहे का हे बघायला एक उद्योग केला. धावायला जायच्या आधी वजन केलं, आल्यावर घाम पुसून परत केलं. ४० मिनिटांत ६०० ग्रॅम कमी, म्हणजे साधारण तेवढाच घाम. घामात सोडियम किती जातं हे माणसामाणसावर खूप बदलतं, लिटरला अर्ध्या ग्रॅमपासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे माझं त्या दिवशी ३०० ते १००० मिलिग्रॅमच्या मधे कुठेतरी गेलं असेल. ते पुढच्या एका जेवणात भरून निघतं, त्याला सॅशे कशाला पाहिजे. हां, रविवारी दीडदोन तास पळते त्या दिवशी भर उन्हात घामाने टीशर्टवर पांढरे डाग पडतात, तेव्हा एक सॅशे घेतलं की बरं वाटतं, हे प्रामाणिकपणे सांगते. तेवढ्यासाठी प्रॉडक्ट वाईट नाहीये.

पण ‘जितकं प्याल तितकं चांगलं’ हे डोक्यातून काढा. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या धावपटूंचं रक्त तपासलं होतं तर त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यातली ठळक गोष्ट ही की ज्यांचं शर्यतीत वजन वाढलं होतं, म्हणजे घाम गेला त्यापेक्षा जास्त पोटात ओतलं होतं, त्यांना हा त्रास जास्त. स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं म्हणून त्यातून सुटका नाही, कारण त्यातलं सोडियम रक्ताच्या मानाने फारच पातळ असतं.

आता खरी तक्रार. मी डबा ओट्यावर ठेवला होता आणि बाबांनी रोज दुपारी एक सॅशे सुरू केलं, अशक्तपणा वाटतो म्हणून. मला पत्ताच नाही. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, नावाच्या शेवटी सार्टन येतं त्या जातीतली, आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्तातला आकडा) पण काठावर आहे. नेहमीची रक्ततपासणी झाली तर पोटॅशियम ५.४. साधारण ५ च्या आसपास वरची मर्यादा असते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘काका, नवीन काय सुरू केलंत?’ बाबा म्हणाले, ‘काही नाही हो, ते संत्र्याचं सरबत घेतो फक्त.’ मग डॉक्टरांनी मला समजावलं की जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं, किडनी मंद असेल आणि वर नावाच्या शेवटी सार्टन किंवा प्रिल येणारी बीपीची गोळी असेल तर ते साठत जातं, आणि फार वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. सॅशे बंद केलं, दोन आठवड्यांनी ४.८. फक्त पावडरीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, ३०० मिलिग्रॅम म्हणजे एका केळ्याहूनही कमी आहे आणि धडधाकट माणसाची किडनी ते सहज काढून टाकते. पण बीपी, किडनी, हार्ट यांची औषधं घेणाऱ्यांनी आधी विचारावं, ही एक ओळ डब्यावर छापायला काय जात होतं? पळणाऱ्या बाईचं चित्र मागच्या बाजूला अर्ध्या डब्याएवढं आहे, तिथे जागा आहे की. आणि हो, कमी सोडियमवालं मीठ किंवा तसे पदार्थ आणत असाल तर त्यातही बऱ्याचदा मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं, घटकांत ५०८ नंबर दिसला तर तेच ते.

अजून एक, हे ओआरएस नाही. जुलाब-उलट्यांत लहान मुलांना हे देऊ नका. ओआरएसच्या एक लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, हे माप २००२ पासूनचं आहे. त्यातलं ग्लुकोज चवीला नसतं, आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत ओढले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. माझ्या शुगर फ्री डब्यात ती जोडीच नाही. उलट बाटलीतल्या गोड स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते, ती जुलाब वाढवू शकते. आणि ओआरएसचं पाकीट असलं तरी लिहिलंय तेवढंच पाणी घाला, कमी पाण्यात घट्ट केलं की बाळाचं सोडियम वाढतं आणि ते धोक्याचं आहे.

बाटलीतलं ‘इलेक्ट्रोलाइट वॉटर’ पण एकदा आणलं होतं. अर्ध्या लिटरमध्ये सोडियम ७५ मिलिग्रॅम. निरुपद्रवी आणि निरुपयोगी, पुढे जाऊया.

कस्टमर केअरला मेल टाकून विचारलं होतं की बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला हे चालतं का. तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘आमचं उत्पादन १०० टक्के सुरक्षित आहे, उत्तम परिणामांसाठी दिवसातून तीन सॅशे घ्या’, आणि खाली पुढच्या ऑर्डरवर सवलतीचा कोड.